नसलेली भोकं

मामांचा उजवा डोळा गेला त्याला आता दोन वर्षं होतील. तो वाचला असता. त्यासाठी आठ आठवडे हातात होते, आणि त्या आठही आठवड्यांत मामांच्या डोळ्यात काहीतरी बिनसलंय याचा पुरावा माझ्या हाताखालून जात होता. मी तो रंग लावून झाकत होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी मामांचं कौतुक करायला लागलो की वाचणाऱ्याने मला फार भला माणूस समजू नये.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. यार्डात सगळेच त्यांना मामा म्हणत, आणि पाठीमागे घुबडमामा. त्यांना ते माहीत होतं. घुबडाला निदान दिसतं तरी, तुमचं काय, असं म्हणून ते विषय संपवत.

यार्ड रिकाम्या कंटेनरचं. जहाजांवरून, मालगाड्यांवरून, ट्रेलरवरून उतरलेले लोखंडी कंटेनर पुन्हा माल भरायला जाण्याआधी आमच्याकडे येतात. ते धुवायचे, पोचे ठोकून सरळ करायचे, गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा आणि तपासून सोडायचे. आम्ही कोणी त्याला कंटेनर म्हणत नाही, डबा म्हणतो. चाळीस फुटी असला तरी डबाच. संध्याकाळी बायको दारातूनच विचारते, आज किती डबे झाले, आणि समोरच्या घरात नवीन आलेल्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की आमची खानावळ आहे.

डबा तपासायची रीत जुनी आणि साधी आहे. एकाने आत जायचं, बाहेरच्याने दोन्ही दारं लावायची आणि आतल्याने काळोखात उभं राहून बघायचं. पत्र्याला कुठे टाचणीएवढं भोक असेल तर तिथे उजेडाची टिकली दिसते. दिसली की भोवती खडूने गोल करायचा. जिथून उजेड शिरतो तिथून पाणी शिरतं, एवढंच त्यामागचं शास्त्र. आत जायचं काम मामांचं. दार लावायचं काम माझं, आणि पुढचंही माझंच, कारण मी वेल्डर. मामांनी गोल केला की मी तिथे पत्र्याचं ठिगळ जोडायचं, घासायचं, रंग द्यायचा. म्हणून ते मला ठिगळ्या म्हणत. माझं खरं नाव त्यांना बहुतेक माहीत नसावं.

हे काम कोणीही करेल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. नवीन असताना पहिल्याच आठवड्यात मी हट्ट धरला की एकदा मला आत जाऊ द्या. दारं लागली. लोखंडाचा आणि ओल्या लाकडाचा वास, आणि डोळ्यांपुढे नुसता काळा रंग. पाच मिनिटांनी बाहेर येऊन मी ऐटीत सांगितलं की डबा चोख आहे. मामा आत गेले आणि सात गोल करून आले.

त्यांचं सगळं तंत्र त्या उजव्या डोळ्यात होतं. उन्हातून एकदम काळोखात गेलं की डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो, आणि दिवसाला बारा-पंधरा डबे तपासायचे तर तेवढा वेळ आणायचा कुठून? म्हणून मामा सकाळी गेटमधून आत शिरतानाच उजव्या डोळ्यावर काळी पट्टी बांधत. डब्याची दारं लागली की पट्टी वर सरकवायची, बाहेर यायच्या आधी पुन्हा खाली. संध्याकाळी गेटवर ती सुटायची. उजवा त्यांचा आतला डोळा आणि डावा बाहेरचा. पट्टी काढल्यावर तासभर उजव्या डोळ्याला थोडं अंधुक दिसायचं, पण त्याची त्यांना सवय झाली होती. नवे ट्रेलरवाले हळूच विचारत, म्हाताऱ्याचा डोळा कशाने गेला हो? आणि आम्ही हसायचो.

बारीक भोक मोठं लबाड असतं. पत्रा पन्हाळी, भोक तिरकं. एका जागी उभं राहिलं तर टिकली लखलखीत दिसते आणि अर्धं पाऊल सरकलं की विझते. म्हणून मामांचा नियम असा की टिकली दिसली की त्या क्षणी बोट तिकडे रोखायचं आणि बोटाच्या रेषेत चालत जायचं. जवळ गेल्यावर काही दिसलं नाही तरी गोल करायचाच. “आपल्याला दिसेनासं झालं म्हणून भोक बुजत नाही,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. नवशिक्याला जवळ जाऊन भोक दिसलं नाही तर तो स्वतःचे डोळे चोळतो. मामा पत्र्यावर संशय घेत. तीस वर्षं तो संशय खरा ठरला होता.

मामा तरुणपणी माल उतरवायला होते. एकदा त्यांच्यापुढे एक डबा उघडला, त्यात इस्पितळासाठी आलेल्या गाद्या होत्या. दार उघडताच असा भपकारा आला की माणसं मागे सरली. सगळ्या गाद्या काळ्या पडलेल्या, बुरशीने चिकटलेल्या. छताला काडीच्या गुलाएवढं एक भोक होतं, तेवढंच. मामांनी त्या गाद्या ओढून काढल्या आणि जाळायला नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं की मला तपासणीवर घ्या. इस्पितळातली माणसं तेव्हा कशावर झोपली असतील, हे ते मला कधीकधी मध्येच विचारत. मला काय माहीत? त्यांनाही माहीत नव्हतं. पण विचारत.

माझ्या बाबतीत त्यांनी जे केलं तेही सांगायला हवं. दुसऱ्या वर्षी एकदा घाईत मी एक ठिगळ कच्चं जोडलं. कडेला झाळ धरलीच नव्हती, वरून जाड रंग फासून दिला. डबा सुटायच्या आदल्या दिवशी मामा पुन्हा आत जाऊन आले, का ते त्यांनाच ठाऊक, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की उद्या सुट्टी आहे, पण तू ये, मीही येतो. सुट्टीच्या दिवशी सबंध यार्डात आम्ही दोघंच. त्यांनी ते ठिगळ माझ्याकडून कापून काढून पुन्हा लावून घेतलं. तेव्हाच्या साहेबांच्या कानावर त्यातलं अक्षर गेलं नाही. तेव्हापासून मामांसाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच की, त्याचीच तर ही गोष्ट आहे.

त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले असताना यार्डात नवा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. डबा अडकला की वरून त्याला फोन यायचे. एकदा माझ्यादेखत म्हणाला की मामांचे गोल हल्ली वाढलेत, वय झालं त्यांचं, गेटवर बसवू या, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रेलरचे नंबर लिहून घेतील. मी हसून वेळ मारून नेली. पण मामा गेटवर खुर्ची टाकून नंबर लिहितायत हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांना ते मरणाहून वाईट वाटलं असतं.

त्यानंतर आठवडाभरातच मला पहिला खोटा गोल सापडला. वीस फुटी डबा, उजवी भिंत, वरच्या कडेला खडूचा गोल. मी बाहेरून हातोडी मारली, पत्रा ठणठणीत वाजला. आतून दिवा लावला, बाहेरून पाहिलं, काही नाही. पाण्याचा पाइप धरला, थेंब आत आला नाही. मनात म्हटलं, मामांचा डोळा माझ्यापेक्षा बारीक, असेल केसाएवढं. गोलावर पत्र्याचं ठिगळ जोडलं, रंग दिला.

दोन दिवसांनी दुसरा. मग एकाच डब्यात दोन. तेही तसेच, पत्रा धडधाकट. दर वेळी मी हातोडी, दिवा, पाणी असं सगळं करायचो, आणि शेवटी नसलेल्या भोकावर ठिगळ लावायचो. साहेबांना सांगितलं असतं तर मामा दुसऱ्या दिवशी गेटवर. मामांना सांगायचं तर कोणत्या तोंडाने? ज्यांच्याकडून मी भोक बघायला शिकलो त्यांना मी सांगायचं की तुम्हाला दिसतंय ते नाहीये? भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या भिडेने भीक माझ्या पदरात घातली नाही, त्यांच्या घातली.

एक गोष्ट तर इतकी उघड होती की आज आठवली की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. सगळे खोटे गोल उजव्या भिंतीवर होते. डबे निरनिराळ्या देशांतून आलेले, निरनिराळ्या वयांचे. सगळ्यांची उजवीच बाजू कशी किडेल? हा प्रश्न मला पडला होता. एकदा नाही, रोज पडत होता. उत्तर नको होतं म्हणून मी पुढचा डबा ओढायचो.

मामांनाही काहीतरी वेगळं वाटत होतं. एकदा दुपारच्या सुट्टीत, जेवणाचा डबा पुसून बाजूला ठेवत ते म्हणाले, “ठिगळ्या, हल्ली भोकं फार बारीक झालीत रे. नुसती चमकतात. बघायला वळावं तर विझतात. तुला सापडतात ना?”

त्यांनी सरळ विचारलं होतं. यापेक्षा सरळ कोणी काय विचारणार? बाहेर ऊन होतं, त्यांनी पट्टी बांधली होती, आणि उरलेला डोळा माझ्याकडे लावून ते थांबले होते.

“सापडतात मामा,” मी म्हणालो. “बारीक आहेत, पण आहेत.”

ते खूष झाले. म्हणाले की नव्या पोरांना अशी भोकं दिसायची नाहीत, त्याला डोळा मुरावा लागतो. मीही मान डोलावली.

अशी एकोणीस ठिगळं झाली. आठवा आठवडा संपत आला होता. एका सकाळी मामा डब्यातून बाहेर आले आणि मला विचारलं की तू बाहेरून उजवीकडे ताडपत्री टाकली होतीस का. मी म्हटलं नाही. मग काळोख जरा जास्त वाटला, म्हणाले, आणि पुढच्या डब्याकडे गेले. डब्यात काळोखच असायचा, त्यात आणखी एक काळा पडदा पडला तर कळणार कसा? बाहेर पट्टी. घरी गेल्यावर तासभर अंधुक दिसायची जुनी सवय. डोळ्याला जपायची जी रीत त्यांनी तीस वर्षं पाळली, त्याच रीतीच्या आड तो डोळा जात होता आणि त्यांना पत्ता नव्हता. शेवटी मामींनी ओळखलं. जेवताना उजवीकडचा पाण्याचा पेला त्यांनी लागोपाठ तिसऱ्यांदा सांडला, तेव्हा मामींनी त्यांचा डावा डोळा तळहाताने झाकला आणि विचारलं की माझी किती बोटं दिसतात. मामा म्हणाले, तू कुठे आहेस?

त्यांची मुलगी दूर देशी असते, म्हणून इस्पितळात मामींबरोबर मी गेलो. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता. त्यांनी विचारलं की गेल्या काही आठवड्यांत अंधारात ठिणग्या, चमक, उजेडाचे ठिपके असं काही दिसायचं का? एका बाजूला, डोळा हलवला की?

मामा हसले. म्हणाले, “बाई, उजेडाचे ठिपके बघायचीच तर माझी नोकरी आहे.”

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की ती चमक म्हणजे पडदा ओढला जात असल्याची खूण होती. तेव्हाच आला असतात तर लेझरने फाट तिथल्या तिथे बंद केली असती, दुपारी घरी गेला असतात. आता मोठी शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि खात्री देता येत नाही. मामी विचारत होत्या की अहो पण यांना कसं कळणार होतं, डब्यात तर सगळ्यांनाच ठिपके दिसतात. मी भिंतीला टेकून उभा होतो. तिथे बोलायला हवं होतं. डॉक्टरांना कळलं असतं, मामींना कळलं असतं, जे काय व्हायचं ते तिथेच झालं असतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

शस्त्रक्रिया झाली. मामा पंधरा दिवस पालथे झोपून राहिले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. दृष्टी परत आली नाही. निवृत्तीला चार महिने असताना त्यांनी राजीनामा लिहून पाठवला. साहेबांचा सुंठीवाचून खोकला गेला. तरी निरोपाच्या दिवशी ते मामांबद्दल चांगलं बोलले, आणि ते खोटं नव्हतं. मामांनी नव्या तपासनिसाचा हात माझ्या हातात दिला आणि सांगितलं की ठिगळ्याला विचारत जा, त्याचा हात चोख आहे.

त्यानंतरचे चार महिने मी दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जात होतो आणि ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. फळं न्यायचो, गळका नळ दुरुस्त करून द्यायचो, यार्डातल्या गमती सांगायचो. मामी म्हणायच्या, पोटच्या पोराने केलं नसतं एवढं करतोस. ते वाक्य ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटायचं. शेवटी एकदा मामा म्हणाले की मला एका गोष्टीचं समाधान आहे, डोळा जाता जाता शेवटची ती एकोणीस बारीक भोकं पकडून गेला, एकही डबा गळका सुटला नाही. आकडाही त्यांना पाठ होता. मग मला ते सहन झालं नाही.

मी सांगितलं. एकही भोक नव्हतं. पहिल्यापासून नव्हतं. मला माहीत होतं. मी हातोडी मारून, दिवा लावून, पाणी सोडून बघायचो आणि वरून रंग द्यायचो. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

मामी चहा घेऊन आल्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्यासाठी आणलेला कप पुन्हा ट्रेमध्ये ठेवून आत गेल्या. आतलं दार लागल्याचा आवाज आला.

मामांची बोटं खुर्चीच्या हातावर फिरत होती. मी वाट बघत होतो की ते शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

“तू कच्चं ठिगळ लावलंस तेव्हा मी साहेबाला सांगितलं नाही,” ते म्हणाले. “पण तुला सांगितलं होतं.”

मी म्हटलं, “हो.”

“तुला मी सुट्टीच्या दिवशी बोलावून तोंडावर सांगितलं. तू मला का नाही सांगितलंस? मी दोन शिव्या दिल्या असत्या. आठ दिवस बोललो नसतो. मग कुठेतरी जाऊन डोळा दाखवलाच असता ना?”

मी म्हणालो की मला वाटलं तुम्हाला वाईट वाटेल. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच त्याची लाज वाटली. मामा म्हणाले, आता जा. मोठ्याने नाही म्हणाले. मी चपला घातल्या आणि निघालो.

तीन महिने मी तिकडे फिरकलो नाही. फोन केला नाही, आलाही नाही. यार्डात मात्र मी बदललो, आणि बदललो म्हणजे सगळ्यांच्या डोक्याला ताप झालो. नव्या तपासनिसाने गोल केला आणि भोक नसलं तर मी त्याला डब्यात परत बोलवायचो, हातोडी त्याच्या हातात द्यायचो आणि सांगायचो की इथे काही नाही, पुन्हा बघ. रंग उडाला असला तर साहेबांना तोंडावर सांगायचो की हा डबा आज सुटणार नाही. बायको म्हणाली, कोणावर उगवताय हा सूड? तिचं बरोबर होतं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला सांगितलं नाही आणि आता सगळ्या जगाला सांगत सुटलो होतो.

मग एका दुपारी मामांचा फोन आला. मी डब्याच्या छतावर होतो, हातात ग्राइंडर. ते एवढंच म्हणाले, “येतोस का? आत्ता.” आवाज असा होता की मी कारण विचारलं नाही. साहेबांना सांगून तसाच निघालो, अंगावर कामाचेच कपडे.

दार मामींनी उघडलं. माझ्याकडे न बघता बाजूला झाल्या. आतल्या खोलीत मामा पलंगावर बसले होते. जेवल्यावर ते थोडा वेळ आडवे होत, खिडक्या बंद करून, कारण डाव्या डोळ्याला आता उजेडाचा त्रास व्हायचा. त्यांनी सांगितलं की दार लाव. मी लावलं. खोलीत बऱ्यापैकी काळोख झाला.

“डावीकडे वर,” ते म्हणाले. “छत आणि भिंत मिळते तिथे. कालपासून चमकतंय. हिला दाखवलं, ही म्हणते असेल फट, जुनं घर आहे. मुलीला फोन केला, ती म्हणाली बाबा, टेन्शन घेऊ नका, तुम्हाला सवय आहे म्हणून दिसतं. तू बघ.”

मी स्टूल ओढलं आणि वर चढलो. मला घाई करायची नव्हती. कोपऱ्यावर हात फिरवला. भिंत गुळगुळीत, चुना घट्ट. खिडकीच्या कडा बघितल्या, झडप बघितली. मग पलंगावरची जाड गोधडी मागितली आणि तो सगळा कोपरा तिने दाबून धरला. विचारलं, आता?

ते म्हणाले, “आता नाही.” मग त्यांनी डोळा फिरवला असावा. “आहे. अजून आहे.”

आठ आठवडे जे बोललो नव्हतो ते बोलायला एक श्वास पुरतो, हे मला तेव्हा कळलं.

“नाही मामा,” मी म्हणालो. “इथे भोक नाही.”

ते लगेच उठले. शर्ट तर घातलेलाच होता, फक्त बटणं लावायची होती. मामींनी दार ढकललं तेव्हा त्यांच्या हातात इस्पितळाची जुनी फाइल होती. म्हणजे त्या दाराबाहेर ऐकत उभ्या होत्या. टॅक्सीत मी पुढे बसलो होतो आणि प्रत्येक सिग्नलला ड्रायव्हरला घाई करत होतो.

इस्पितळात डोळ्यात थेंब घालून बसायला सांगितलं. बाकावर मामा माझ्या शेजारी, डोळा मिटून. मामी औषधाच्या खिडकीपाशी गेल्या होत्या. मला राहवेना. मी विचारलं की मामा, मला का बोलावलंत? मी काय केलंय ते ठाऊक असताना?

“घरात सगळी माझं मन राखतात,” ते म्हणाले. “मला नाही म्हणणारं माणूस हवं होतं. म्हटलं, आता हा काही खोटं बोलायचा नाही.”

मला रडू आलं. भर व्हरांड्यात, कामाच्या कपड्यांत, येणारे-जाणारे बघत असताना मी रडलो. मामांनी डोळा उघडला नाही. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि नर्सने नाव पुकारेपर्यंत तिथे राहिला.

डॉक्टर त्याच होत्या. फाट लहान होती आणि पडदा अजून जागेवर होता. त्यांनी तासाभरात लेझर केलं. बाहेर येऊन मामींना म्हणाल्या की बरं झालं लगेच आणलंत, आणखी आठवडा गेला असता तर मी काही सांगू शकले नसते. मामींनी विचारलं, दिसेल ना? डॉक्टर म्हणाल्या, दिसेल.

त्याला आता वर्ष होत आलं. मामा डाव्या डोळ्याने पेपर वाचतात, मोठ्याने, आणि संपादकाला चुका सांगतात. मी गेलो की आम्ही दोघं व्हरांड्यात बसतो. मामी माझ्याशी अजून बोलत नाहीत. चहा आणून ठेवतात आणि आत जातात. एकदा मामांनी त्यांची समजूत घालायला सुरुवात केली तेव्हा मीच मामांना थांबवलं, म्हटलं, राहू द्या, त्यांचा राग खरा आहे.